पहाटेचा ठणका आणि दुपारची चुरचुर

प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, जाणं-येणं स्कूटरवर. ११ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आमवात, तीन वर्षांपूर्वी फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या आजाराचं, निदान. आमवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० मिलिग्रॅम, रात्री झोपताना अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम आणि सांधे फारच धरले की दुखण्याची गोळी. चार महिन्यांपासून डोळे दुखतात, उजवा जास्त. दुपारनंतर चुरचुरतात, टोचतात. शिवाय तीनदा पहाटे डोळा ठणकून जाग आली, कळ भुवईपासून कानशिलापर्यंत. डोळ्यांच्या दोन डॉक्टरांनी तपासून ‘डोळे नॉर्मल आहेत, ताण घेऊ नका’ असं सांगितलं. घरचे म्हणतात, ‘आता डोळ्यांचंही सुरू झालं का?’ आणि शेवटी ताईंचा प्रश्न: हे माझ्या मनाचं आहे का?

ताई, नाही. तुमचं दुखणं खरं आहे. मी पुण्यात २६ वर्षं डोळ्यांचे पेशंट तपासते आहे, त्यातले बरेचसे संधिवाताच्या डॉक्टरांकडून आलेले असतात. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे, फक्त ते केसपेपरवर उतरलेलं नाही. केसपेपरवर बहुतेक ‘दोन्ही डोळ्यांत पेन, चार महिने’ एवढंच लिहिलं गेलं असेल. तुम्ही मात्र दोन वेगळे शब्द वापरलेत, चुरचुरणं आणि ठणकणं. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा: खुपतं, चुरचुरतं, टोचतं, सलतं, ठसठसतं, ठणकतं, कळ मारते, जड वाटतं. माझ्यासाठी यातला प्रत्येक शब्द डोळ्यातल्या वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. चुरचुरणं, खुपणं, टोचणं हे बहुधा वरच्या पृष्ठभागाचं, म्हणजे बुबुळाच्या समोरच्या काचेचं आणि पापण्यांच्या आतल्या बाजूचं. ठणका मात्र खोलातून येतो. तो डोळ्याच्या भिंतीचा, आतल्या सुजेचा, वाढलेल्या प्रेशरचा किंवा डोळ्यामागच्या नसांचा असतो. म्हणजे तुम्हाला एक दुखणं नाही, दोन आहेत. दोन्ही एकाच नावाखाली गेली आणि दोन्हींचं उत्तर राहून गेलं.

आधी पहाटेच्या ठणक्याबद्दल बोलते, कारण मला काळजी त्याची वाटते.

आमवात हा फक्त बोटांच्या आणि गुडघ्यांच्या सांध्यांचा आजार नाही. डोळ्याची जी पांढरी भिंत आहे, स्क्लेरा, ती सांध्यांसारख्याच तंतुमय पदार्थाची बनलेली असते आणि त्याच आजारात तिलाही सूज येऊ शकते. त्याला स्क्लेरायटिस म्हणतात. आमवाताच्या सगळ्या पेशंटमध्ये तो होतो असं मुळीच नाही, थोड्याच जणांना होतो. पण स्क्लेरायटिस झालेल्यांच्या अंगात दुसरा कुठला आजार आहे का हे शोधायला गेलं, तर सगळ्यात जास्त वेळा आमवातच सापडतो. त्याचं दुखणं ओळखीचं असतं. खोल, पोखरल्यासारखं, डोळा हलवला की वाढणारं, भुवई, कानशील, कधी जबड्यापर्यंत जाणारं आणि पहाटे झोपेतून उठवणारं. तुमचं वर्णन वाचून मी थांबले ती याच ओळीवर.

मग दोन डॉक्टरांना ते का दिसलं नाही? त्यांनी नीट तपासलं नाही, असं मी म्हणणार नाही. ज्या दिवशी तपासलं त्या दिवशी डोळा खरोखर शांत असेल. आणि तो शांत का होता, याचं उत्तर तुमच्या औषधांच्या यादीतच असण्याची शक्यता मोठी आहे. सांध्यांसाठी तुम्ही जी दुखण्याची गोळी घेता, त्याच गटातल्या गोळ्या सौम्य स्क्लेरायटिसचा पहिला उपचार म्हणून दिल्या जातात. आमवात उसळतो तेव्हा सांधेही धरतात आणि डोळाही ठणकतो. तुम्ही सांध्यांसाठी चार दिवस गोळी घेता, त्यात डोळ्याची सूजही दबते. पाचव्या दिवशी अपॉइंटमेंट असते. मी पुसटसा लालपणाही नसलेला डोळा बघते आणि ‘नॉर्मल’ लिहिते.

हे माझ्या हातून घडलेलं आहे. नारायण पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका तीनदा माझ्याकडे आल्या, तिन्ही वेळा दुपारी, तिन्ही वेळा मी त्यांना ल्युब्रिकंटचे थेंब देऊन परत पाठवलं. चौथ्या वेळी त्यांच्या मुलीने सकाळी सात वाजता खिडकीत उभं करून फोनवर काढलेला फोटो आणला. डोळ्याच्या वरच्या भागात, पापणीखाली, जांभळट झाक स्पष्ट दिसत होती. मी त्या फोटोवरून त्यांना त्याच दिवशी बोलावलं आणि स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या प्रखर दिव्याच्या दुर्बिणीवर, बसवण्याआधी दवाखान्याच्या खिडकीशी नेऊन, खाली बघायला सांगून, दोन्ही पापण्या वर उचलून पाहिलं. जे तीव्र प्रकाशाच्या फटीत पांढरंच वाटलं होतं, ते साध्या दिवसाच्या उजेडात जांभळं दिसलं. तेव्हापासून आमवाताच्या प्रत्येक पेशंटला मी आधी खिडकीशी नेते. दिवे नंतर.

वरवरची लाली आणि भिंतीची सूज यातला फरक ओळखायला फिनाइलेफ्रिनचे थेंब घालतात. वरच्या रक्तवाहिन्या काही मिनिटांत आकसून डोळा पांढरा होतो, खोलातल्या मात्र तशाच भरलेल्या राहतात. बंद पापणीवरून हलकं दाबलं तर स्क्लेरायटिसमध्ये त्या जागी कळ येते. आणि एक प्रकार असा आहे की सूज डोळ्याच्या मागच्या भिंतीला असते, समोरून डोळा अगदी पांढराशुभ्र. तो स्लिट लॅम्पवर दिसणारच नाही. त्यासाठी डोळ्याची सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन, करावी लागते. त्यात मागची भिंत जाड झालेली आणि तिच्यामागे पाणी साठलेलं दिसतं. ही सोनोग्राफी दुखत असताना केली तरच तिचा खरा उपयोग.

पहाटेच्या ठणक्याला दुसरंही एक कारण मला तपासूनच बाजूला ठेवायचं आहे. काही जणांच्या डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जाण्याचा कोपरा जन्मतःच अरुंद असतो, विशेषतः ज्यांना लांबचं बघायलाही प्लस नंबर लागतो अशा स्त्रियांमध्ये, चाळिशीनंतर. अंधारात बाहुली मोठी होते, कोपरा बंद पडतो आणि प्रेशर एकदम चढतं. अमिट्रिप्टिलिनमुळेही बाहुली थोडी मोठी होते. फायब्रोमायल्जियासाठी दिली जाणारी ड्युलोक्सेटिनही तेच करते. अशा झटक्यात बहुधा संध्याकाळी किंवा रात्री कमी उजेडात डोळा आणि डोकं ठणकतं, नजर धुरकट होते, रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात, मळमळतं. झोपेत बाहुली लहान होते आणि झटका आपोआप उतरतो. सकाळी प्रेशर मोजलं तर नॉर्मल. म्हणून फक्त प्रेशर मोजून भागत नाही, तो कोपरा आरशाच्या लेन्सने पाहावा लागतो. त्या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात, पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या दोन्ही रिपोर्टांत तिचा उल्लेख असेल तर उत्तम. नसेल तर नाव घेऊन मागा. हीच गोष्ट मायग्रेनसाठी टोपिरामेट घेणाऱ्यांनाही सांगते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही डोळे एकदम दुखून नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता दुपारची चुरचुर. ही डोळ्यांच्या कोरडेपणाची आहे असं मला जवळपास खात्रीने वाटतं, आणि कारणं एकावर एक चढलेली आहेत. दिवसभर एसीत स्क्रीनसमोर, तिथे पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते. येता-जाता धूळ आणि वारा. रात्रीची अमिट्रिप्टिलिन, जी तोंडासारखंच डोळ्यातलं पाणीही कमी करते. आणि या सगळ्याच्या मुळाशी आमवात. १९३३ साली स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी आपल्या प्रबंधात डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांचं वर्णन केलं, त्यातल्या १३ जणींना सांधेदुखी होती. ही सांगड एका डोळ्यांच्या डॉक्टरनेच घातली, याचा मला पेशाच्या नात्याने अभिमान वाटतो, आणि म्हणूनच आज आमच्यातले लोक हा प्रश्न विचारायला विसरतात याचं वाईटही वाटतं. प्रश्न अगदी साधा आहे: तोंडही कोरडं पडतं का? कोरडी भाकरी गिळायला पाण्याचा घोट घ्यावा लागतो का? रात्री उशाशी तांब्या ठेवावा लागतो का? दात अचानक किडायला लागले आहेत का? यातल्या एकाचंही उत्तर तुमच्या बाबतीत ‘हो’ असं येत असेल तर तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना सांगा. ते रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी करतील.

माझ्याकडे पाणी मोजायची पट्टी असते, शिर्मर टेस्ट. गाळण-कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर डोळा नक्की कोरडा. मग नारिंगी रंग लावून निळ्या प्रकाशात पाहायचं. काच सुकून खरचटलेली असेल तर तिथे हिरवे ठिपके चमकतात.

आणि इथेच ‘नॉर्मल’ची दुसरी फसगत होते. काही पेशंटच्या डोळ्यात एकही हिरवा ठिपका नसतो, तरी त्यांना वारा सहन होत नाही, ट्यूबलाइट सहन होत नाही, डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग होते. बुबुळाच्या काचेत मज्जातंतूंचं जाळं इतकं दाट आहे की शरीरात फार कमी ठिकाणी तेवढं असेल. कोरडेपणाने, सुजेने, कधी ऑपरेशनने ते तंतू महिनोन्‌महिने चिडत राहिले की काच भरून आली तरी ते शांत होत नाहीत. ज्यांना फायब्रोमायल्जिया आहे त्यांच्या मेंदूकडे जाणाऱ्या वाटा आधीच जाग्या असतात. तिथे साध्या स्पर्शाचं, साध्या उजेडाचंही दुखणं होऊन पोचतं. हे मज्जासंस्थेत घडतं, त्याला मनाचं म्हणणं ही चूक आहे. आणि जे मज्जासंस्थेत घडतं त्यावर औषधं आहेत.

ते ओळखायची एक सोपी चाचणी आहे. मी दुखत असताना डोळ्यात बधिर करणाऱ्या औषधाचा, प्रोपॅराकेनचा, एक थेंब घालते आणि घड्याळ लावून समोर बसते. अर्ध्या मिनिटात पेशंट म्हणतो, ‘गेलं, एकदम गेलं.’ म्हणजे दुखणं पृष्ठभागाचं, तिथेच उपचार करायचे. कोणी म्हणतं, ‘चुरचुर गेली, पण मागे अजून आहे.’ म्हणजे दोन थर आहेत. आणि कोणी शांतपणे मान हलवतं, काहीच फरक नाही. तेव्हा दुखणं एकतर डोळ्याच्या खोलात आहे, किंवा नसांच्या वाटेवर, किंवा मानेत. तुमच्या बाबतीत दुसरं उत्तर येईल असा माझा अंदाज आहे. हा थेंब घरी कधीही मागू नका आणि कोणी दिला तरी वापरू नका. बरं वाटतं म्हणून रोज घातला तर बुबुळाची काच विरघळते, मी असे डोळे पाहिलेत.

मानेचा उल्लेख केला तो उगाच नाही. मानेच्या वरच्या तीन मणक्यांतून येणाऱ्या नसा आणि डोळ्याच्या संवेदना नेणारी नस मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे मान आखडली की डोळ्यामागे दुखतं, हे खूप जणांचं खरं असतं. पण आमवातात पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल झालेला असू शकतो. म्हणून मानेचा एक्स-रे काढून संधिवाताच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मान मोडून घेऊ नका, झटका देऊन घेऊ नका, सलूनमध्येही नाही. हे मी दर वेळी आवर्जून सांगते.

तुमची एक भीती पत्रात ओझरती आली आहे, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने डोळे जातात ही. या गोळीने डोळे दुखत नाहीत. तिचा परिणाम होतो तो पडद्यावर, वर्षानुवर्षांनी आणि कसलीही वेदना न होता. वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी डोस असला तर तो धोका कमी राहतो. तुमचं वजन ४० किलोच्या वर असेल तर २०० मिलिग्रॅम त्या मर्यादेत बसतं. पण पाच वर्षांनंतर दरवर्षी पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅन आणि नजरेचा आवाका मोजणारी फील्ड टेस्ट करायची असते, तुमची गोळी किती वर्षं चालू आहे ते मोजा. गोळी स्वतःहून बंद करू नका. ती तुमचा आमवात, म्हणजे तुमचा डोळाही, सांभाळते आहे. अमिट्रिप्टिलिनचंही तसंच. ती डोळे कोरडे करते हे खरं, पण चिडलेल्या मज्जातंतूंवर आम्ही डोळ्यांचे डॉक्टरही कधीकधी तीच देतो. तिचं काय करायचं हे ती ज्यांनी दिली त्यांच्याशी बोलून ठरवायचं.

चुरचुरीसाठी आजपासून काय करता येईल? दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, छोट्या एकेरी कुप्यांतले घ्या. बाटलीतल्या बऱ्याच थेंबांमधलं प्रिझर्व्हेटिव्हच कोरड्या डोळ्याला झोंबतं. दुखायची वाट बघू नका, घड्याळाप्रमाणे घाला. ऑफिसात एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर जागा बदलून मागा, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली ठेवा म्हणजे पापण्या कमी उघडाव्या लागतात. हेल्मेटची काच खाली. रात्री कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ रुमालाने दहा मिनिटं शेक, मग पापण्यांच्या कडा हळुवार पुसा. गुलाबपाणी, तूप, मध, आजीच्या आठवणीतलं काहीही डोळ्यात नको. उजेड टोचतो म्हणून घरात काळा चष्मा लावू नका, डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड आणखी टोचतो. एवढ्याने भागलं नाही तर सायक्लोस्पोरिनचे थेंब असतात. त्यांनी सुरुवातीला जळजळतं आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतात, मधेच सोडू नका. फारच कोरडे आणि चिडलेले डोळे असतील तर पेशंटच्याच रक्तापासून बनवलेले सीरमचे थेंब देतात.

केमिस्टकडून ‘डोळे लाल झालेत’ सांगून मिळणाऱ्या थेंबांपासून मात्र लांब राहा. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस डोळा छान पांढरा दिसतो, आम्हाला निदान करता येत नाही. आत नागिणीच्या जातीचा विषाणू असेल तर तो फोफावतो आणि महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू होतो.

आणि पहाटे पुन्हा ठणका लागला तर? दिवा लावा. एक-एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचून बघा. उजाडलं की खिडकीशी उभं राहून, फ्लॅश न लावता, समोर, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघत दोन्ही डोळ्यांचे फोटो काढून ठेवा. दुखणं सहन होत असेल तर तपासणी होईपर्यंत दुखण्याची गोळी घेऊ नका. सहन होत नसेल तर घ्या, पण वेळ लिहून ठेवा. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रिसेप्शनवर ‘डोळा दुखतो’ असं म्हणू नका, पुढच्या मंगळवारची वेळ मिळेल. ‘मला आमवात आहे आणि पहाटे डोळा ठणकून जाग आली’ असं सांगा. कोणत्याही डोळ्यांच्या दवाखान्यात हे वाक्य ऐकून तुम्हाला त्याच दिवशी बसवून घ्यायला हवं.

काही गोष्टींत मात्र सकाळचीही वाट बघायची नाही. नजर कमी झाली, दुखण्यासोबत उलटी झाली, दिव्यांभोवती वलयं दिसली, डोळा हलवताना दुखतंय आणि लाल रंग फिका दिसतोय, एकाचं दोन दिसतंय, तर रात्री असली तरी निघायचं. ससूनची कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते. पन्नाशी ओलांडलेल्यांना कानशील दाबल्यावर दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल, तर त्यांनीही त्याच दिवशी दाखवायचं. ज्यांना पाठीचा संधिवात, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे, त्यांच्यात बहुधा वेगळं दिसतं. एकच डोळा लाल, बाहुली बारीक, उजेड अजिबात सहन होत नाही. तो युव्हायटिस, डोळ्याच्या आतली सूज. त्यात दोन दिवस गेले तरी बाहुली आत चिकटू शकते.

घरच्यांबद्दल एकच सांगते. शक्य झालं तर पुढच्या तपासणीला त्यांच्यापैकी कोणाला तरी आत घेऊन या. बधिर थेंबाची चाचणी त्यांच्यासमोर झाली, पट्टीवरचं ओलं दोन मिलिमीटर त्यांनी स्वतः पाहिलं, की घरातली भाषा बदलते. मी हे अनेकदा पाहिलंय.

तीन आठवडे एक वही ठेवा. दुखणं किती वाजता, चुरचुर की ठणका, त्या दिवशी सांधे कसे होते, कोणती गोळी किती वाजता घेतली. ती वही आणि औषधांची संपूर्ण यादी डोळ्यांच्या आणि संधिवाताच्या, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. ठणका आणि सांध्यांची उसळी एकाच आठवड्यात येतेय असं दिसलं, तर तुमच्या आमवाताचं औषध पुरेसं नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. तो निर्णय डोळ्यात थेंब घालून होणार नाही, त्या दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं. न झालेल्या तपासण्यांची नावं लिहून न्या: गोनिओस्कोपी, शिर्मर, बधिर थेंबाची चाचणी, आणि ठणक्याच्या दिवशी बी-स्कॅन. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की तीन-चार तास जवळचं नीट दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही, त्यामुळे त्या दिवशी स्कूटर घरी ठेवून रिक्षाने जा.